शेजाऱ्याच्या ठेक्यावर

सेवाग्रामला येणारे बहुतेक प्रवासी वर्धा स्टेशनवर उतरतात, ऑटो करून आश्रम गाठतात, बापूकुटी पाहतात, जमलं तर पवनारला जाऊन येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. मी मुक्कामासाठी बोरगाव मेघे निवडलं. आश्रम पाहायचा होताच, पण त्याच्या अवतीभवती आज कोण राहतं आणि काय गातं, हे ऐकण्याची ओढ त्याहून जास्त होती.

बोरगाव मेघे कागदोपत्री वेगळं गाव. प्रत्यक्षात वर्धा शहर कुठे संपलं आणि बोरगाव कुठे सुरू झालं, हे नव्या माणसाला सांगता येणार नाही. नोकरदारांची घरं, विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, किराणा दुकानं, एखाद्या वळणावर मंदिर, पुढच्या वळणावर निळा-पंचरंगी झेंडा. थंडीचे दिवस होते. बाहेरच्या शेतांत कपाशीची वेचणी चालली होती आणि तूर शेंगांवर आली होती. एका मैत्रिणीच्या मावशीकडे माझी सोय झाली होती. मी पिशवी ठेवताच मावशींनी चहा आणि गोरसपाक पुढे केला. वर्ध्याच्या गाईच्या तुपातलं हे बिस्किट इथल्या पाहुणचाराचा ठरलेला भाग आहे. "पुण्याहून आल्या न जी तुम्ही? मंग आधी खाऊन घ्या, फिरणं मंग," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मी ख्यालगायकीच्या घरात वाढले. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व ही आमच्या घरची दैवतं. खंजेरी भजन, भीमगीत, कव्वाली, बिहारकडची लोकगीतं ही सगळी गाणी मला माहीत होती, पण लांबून. दुसऱ्याच्या गाण्यापर्यंत पोचलं की त्या माणसापर्यंतही पोचता येतं, असं आपण सहज म्हणतो. हे खरंच घडतं का, घडत असेल तर कसं घडतं, याचा शोध घ्यायला वर्ध्यासारखी दुसरी जागा मला माहीत नव्हती. कारण हा प्रयोग इथे एकदा रोजच्या रोज, वर्षानुवर्षं, ठरवून झालेला आहे.

बोरगावहून सेवाग्राम जवळच. गांधीजी १९३६ साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावाशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागलं, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. प्रार्थनेचं मैदान म्हणजे बारीक खडी पसरलेली मोकळी जागा, शेजारी गांधीजींच्या काळातला पिंपळ. भिंती नाहीत, छत नाही, मूर्ती नाही. सहाच्या सुमाराला पंधरा-वीस माणसं येऊन बसली. आश्रमातले कार्यकर्ते, शिबिराला आलेली काही मुलं, एक परदेशी जोडपं आणि माझ्यासारखे दोन-चार पाहुणे.

सर्वधर्मप्रार्थना पुस्तकात वाचणं वेगळं आणि तिथे बसून ऐकणं वेगळं. सुरुवातीला जपानी बौद्ध मंत्राचा एकसुरी घोष होतो. मग शांतता. त्यानंतर उपनिषदातला श्लोक, स्थितप्रज्ञाची लक्षणं, एकादश व्रतं. पुढे कुराणातली फातिहा, पारशी प्रार्थना, मग भजन आणि शेवटी धून. कानाला जाणवतं ते असं की या सगळ्यांची चाल एक केलेली नाही. मंत्र जपानी वळणाचाच राहतो, श्लोक संस्कृत पठणाच्या चढउतारांतच म्हटला जातो, अरबी शब्दांतले दीर्घ स्वर आपापल्या जागी लांबतात. मी सुरांवर वाढलेली असल्यामुळे हा तपशील मनाला लागला. सगळ्यांना एका पट्टीत बसवून एक गोड समूहगीत करणं सहज शक्य होतं. ते कुणी केलं नाही. प्रत्येक अंश आपल्या घरचा उच्चार घेऊन येतो आणि बाकीच्यांनी तो आपल्या जिभेवर बसवायचा असतो.

या प्रार्थनेचा इतिहास त्याहून बोलका आहे. ती कुणी एका बैठकीत आखलेली नाही. साबरमतीला असताना तिला सुरांचं अंग दिलं पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे मराठी शिष्य गांधीजींच्या आश्रमात राहिले आणि देशभरच्या संतांची पदं निवडून, रागांत बांधून त्यांनी 'आश्रम भजनावली' सिद्ध केली. पुढचे अंश एकेका माणसाबरोबर आले. बौद्ध मंत्र आला तो सेवाग्रामात राहणाऱ्या एका जपानी भिक्षूमुळे. तो पहाटे हातातला ढोल वाजवत मंत्र म्हणायचा. जपान दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारनं त्याला आश्रमातून नेलं, पण मंत्र प्रार्थनेत राहिला, तोही अगदी सुरुवातीला. जपान तेव्हा शत्रुराष्ट्र ठरलं होतं, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं. कुराणातला भाग आला तो रेहाना तय्यबजींमुळे. अब्बास तय्यबजींची ही मुलगी श्रद्धावान मुसलमान होती आणि कृष्णभक्तही. ती मीरेची भजनं जीव ओतून गायची, गोपीच्या मनावर तिनं पुस्तक लिहिलं आणि तिच्याच आग्रहानं आश्रमाच्या प्रार्थनेत अरबी शब्द आले. पारशी प्रार्थना आली ती मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्यामुळे. १९४३ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं तेव्हा डॉ. गिल्डर सोबत होते.

म्हणजे प्रार्थनेतल्या ओळीमागे आधी माणूस आहे, धर्माचं नाव नंतर. कुणी सोबत राहिलं, रोज आपलं गाणं म्हणत राहिलं, इतरांनी ते ऐकलं आणि एक दिवस ते सगळ्यांचं झालं. प्रार्थनेनंतर त्याच खडीवर बसून मी बराच वेळ हाच क्रम मनाशी जुळवत राहिले. परक्याचं गाणं समजून घ्यायला संग्रह आणि ग्रंथ उपयोगी पडतात. पण गाणं अंगात उतरतं ते ज्याचं आहे त्याच्याशेजारी बसल्यावर.

वर्ध्यातच याच्या आधीचं एक उदाहरण आहे. १९३४ साली खान अब्दुल गफार खान तुरुंगातून सुटले, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला त्यांना बंदी होती. जमनालाल बजाजांच्या आमंत्रणावरून ते वर्ध्याला येऊन राहिले आणि डिसेंबरात त्यांना इथेच पुन्हा अटक झाली. त्या महिन्यांत गांधीजींच्या सहवासात ते रोज तुलसीरामायण आणि भजनं ऐकत. गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांनी लिहून ठेवलं आहे की एक भजन त्यांच्या मनात इतकं भरलं की त्यांनी प्यारेलालना ते उर्दू लिपीत उतरवून, अर्थासह द्यायला सांगितलं. सहा फुटांहून उंच पठाण, पाच वेळा नमाज पढणारा, एका भजनाचा अर्थ विचारून कागदावर घेतो. मला यात महत्त्वाचं वाटतं ते अर्थ विचारणं. सूर आवडले एवढ्यावर ते थांबले नाहीत. हा काय म्हणतोय, हे त्यांना कळून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपुरीकडे गेले. तिथे गीताई मंदिराच्या परिसरात विश्वशांती स्तूप आहे. पांढराशुभ्र घुमट, चारी दिशांना बुद्धाच्या सोनेरी मूर्ती. हा निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाचा स्तूप. संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले आणि इथे ते फुजी गुरुजी म्हणून ओळखले गेले. त्यांचा ढोल मी जवळून पाहिला. एका गोल कड्यावर ताणलेलं कातडं आणि खाली मूठ. आकार हातपंख्यासारखा. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हातातल्या काठीनं कातड्यावर आघात करायचा आणि मंत्राच्या प्रत्येक अक्षराला एक ठोका द्यायचा. त्यात आवर्तन नाही, सम नाही, तिहाई नाही. आमच्या कानाला ताल म्हटलं की सम हवी असते. इथे पुढचा ठोका मागच्यासारखाच. सुरुवातीची काही मिनिटं माझा कान समेची वाट पाहत राहिला. मग चालत चालत स्तूपाभोवती फेरी घातली तेव्हा त्याचा हेतू ध्यानात आला. हा पायांसाठीचा ताल आहे. फुजी गुरुजींचे शिष्य हा ढोल वाजवत शेकडो मैल चालतात. बसून ऐकणाऱ्याला तो कोरडा वाटेल. चालणाऱ्याला तो पुढच्या पावलाची साथ देतो.

संध्याकाळी बोरगावात परतले तर मावशींच्या घरासमोरच्या छोट्या सभागृहात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना सुरू होणार होती. विदर्भातल्या गावागावांत ती होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मले. वरखेडच्या आडकोजी महाराजांचे ते शिष्य. अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला त्यांनी गुरुकुंज उभारलं आणि खंजेरीवरच्या भजनांतून सफाई, व्यसनमुक्ती, शिक्षण, जातिभेद, शेती असं सगळं गावापुढे मांडलं. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं आणि ते सुमारे महिनाभर तिथे राहिले. १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. मराठीइतकीच त्यांची भजनं हिंदीतही आहेत, आणि ही गोष्ट या भागात फार मोलाची आहे. रेल्वेत, कापसाच्या बाजारात, गिरणीत इथे मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी बोलल्या जातात. बोलणाऱ्यांच्या दोन्ही भाषांत गाणारा संत त्यांना मिळाला.

भगव्या टोप्या घातलेली माणसं ओळीनं बसली होती, बायका दुसऱ्या बाजूला. पेटी, टाळ, ढोलकी आणि तीन खंजेऱ्या. खंजेरी हे हातभर अंतरावरून पाहायचं वाद्य आहे. लाकडाचं वीतभर रुंदीचं कडं, एका बाजूला घट्ट ताणलेलं कातडं, कड्याच्या खाचांत छोट्या चकत्या. वाजवणारा डाव्या हातानं कडं धरतो आणि त्याच हाताच्या बोटांनी कातड्यावर कमीजास्त दाब देतो. त्यामुळे एकाच थापेतून खाली-वर जाणारा, जवळजवळ बोलणारा आवाज निघतो. उजव्या हाताची बोटं स्वतंत्रपणे धावत असतात. मी पाहिलेले वादक सत्तरीच्या आसपासचे, हातांवर शेतकामाचे घट्टे, आणि तरी बोटं इतकी मोकळी की भल्या तबलजीनं थांबून पाहावं. भजनाच्या शेवटी तिन्ही खंजेऱ्या एकदम थांबल्या तेव्हा माझ्या तोंडून आपोआप दाद गेली. शेजारच्या बाईंनी माझ्या हातात टाळ दिले. "नुसतं ऐकून काय करता? धरा ना जी."

भजनी ठेका आठ मात्रांचा. शास्त्रीय मैफलीच्या शेवटी अभंग झाला की हाच ठेका आम्ही ऐकतो. पण तिथे तो गायकाच्या मागे राहतो. इथे तो सगळ्यांच्या हातांत होता आणि गाणं त्याच्यावर स्वार झालं होतं. मुख्य गायक ओळ म्हणायचा, बाकीचे झील धरायचे, आणि कुणी मागे पडला तर शेजारचा डोळ्यांनी त्याला लयीत घ्यायचा. मला दोनदा असं लयीत घेतलं गेलं. तिसऱ्या भजनापर्यंत हातांना लय सापडली आणि त्यानंतर मंडळींची माझ्याशी बोलण्याची रीत बदलली. मघाशी "पुण्याच्या ताई" होते, आता "बसा, पुढच्या मंगळवारी पण या" झालं.

१९५५ साली तुकडोजी महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले. सकाळी पाहिलेला जपानी ढोल आणि संध्याकाळी ऐकलेली खंजेरी या दोहोंमध्ये हा दुवा आहे. वर्ध्याच्या मातीत जपानचा ढोल आला आणि सुमारे दोन दशकांनी विदर्भाची खंजेरी जपानला पोचली. दोन्ही हातात धरायची, एकाच बाजूला पडदा असलेली, चालता-फिरता वाजवायची वाद्यं. साधूला आणि भिक्षूला जवळ बाळगता येतील अशी.

प्रार्थना संपल्यावर ढोलकी वाजवणाऱ्या काकांशी बोलत बसले. ते भजनाला वाजवतात, चौदा एप्रिलला भीमगीतांच्या कार्यक्रमात वाजवतात आणि नागपूरला ताजबागच्या उर्सात कव्वालांच्या मागेही बसले आहेत. हजरत ताजुद्दीन बाबांचं १९२५ साली निधन झालं. त्यांना नागपूरकर रघुजी भोसल्यांनी आपल्या शकरदऱ्याच्या वाड्यात सन्मानानं ठेवलं होतं, आणि आजही दर्ग्यावर हिंदू भाविकांची गर्दी असते. मी काकांना विचारलं, एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी वाजवताना हात कसा बदलता? त्यांनी ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली. आधी भजनी ठेका वाजवला. मग केरवा: धागे नाति नक धिन. "दोन्हीच्या मात्रा आठच," ते म्हणाले. मग तोच केरवा कव्वालीच्या अंगानं वाजवला, टाळीसाठी जागा सोडून. मग भीमगीताच्या अंगानं, पहिल्या थापेला अशी उचल देऊन की ऐकणारा उभाच राहावा. "माप एकच आहे ताई. वजन अलग राहते. ज्याचं गाणं आहे त्याच्याजवळ बसल्याशिवाय ते वजन हातात येत नाही."

मी इतकी वर्षं संगीताबद्दल वाचते आहे, पण ही गोष्ट इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुणी सांगितली नव्हती. भीमगीताची ती उचल समजायला १४ ऑक्टोबर १९५६ चा, नागपूरच्या धम्मदीक्षेचा दिवस ठाऊक असावा लागतो. लाखो माणसांनी त्या दिवशी जे झुगारलं त्याचा जोर त्या पहिल्या थापेत आहे. वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी वस्त्यावस्त्यांत उभं राहून जी गाणी म्हटली, ती गाणाऱ्यांच्या घरांत इतिहासाच्या पुस्तकाआधी पोचली. काकांनी सुचवल्यावरून पुढच्या संध्याकाळी बुद्धविहारात जाऊन बसले. वंदना झाल्यावर तीन बायका आणि एक कॉलेजचा मुलगा गायले. गाणं संपलं की एक आजी मला त्यातला प्रसंग समजावून सांगायच्या: चवदार तळं, दीक्षाभूमी, रमाईचं जगणं. माझ्या वयाच्या माणसाला हे प्रसंग माहीत असतात. पण आजी ते आपल्या घरातल्या घटनेसारखे सांगत होत्या, आणि गाणं ऐकताना मलाही ते तसेच ऐकू आले.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. संगीत आपोआप माणसं जोडत नाही. १९२३ साली नागपुरातच मशिदीसमोरून वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकांवरून दोन समाजांत तेढ वाढली, बंदीहुकूम निघाले आणि दिंडी सत्याग्रह झाला. वाद्यं टाळ-मृदंगच होती. आजही सणासुदीला भिंती हादरवणारे ध्वनिवर्धक लावले जातात तेव्हा गाणं शेजाऱ्याला सोबत घेण्यासाठी नसतं, त्याच्यावर सोडलेलं असतं. आणि नुसतं कानावर पडणंही पुरेसं नाही. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरातलं भजन रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जात असणार. पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला त्याच भजनात बसायची मुभा १९२८ सालापर्यंत नव्हती. त्या वर्षी जमनालाल बजाजांनी विरोध सोसून मंदिराचं दार सर्वांना उघडलं. त्यापूर्वीची कित्येक वर्षं ते भजन ऐकूनही कुणी कुणाला समजलं नव्हतं. गाणाऱ्याशेजारी बसायला जागा मिळते की नाही, यावर सगळं ठरतं.

गांधीजींना हे पक्कं ठाऊक होतं. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत प्रार्थनासभेत कुराणातल्या भागाला काही लोकांनी आक्षेप घेतला. तेवढा भाग गाळून बाकीची प्रार्थना करता आली असती. गांधीजींनी त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली. सेवाग्रामच्या त्या खडीवर रेहाना, डॉ. गिल्डर, जपानी भिक्षू आणि पंडित खरे यांची जी जुळणी झाली होती, तिच्यातून एकालाही उठवायची त्यांची तयारी नव्हती.

माझ्या मुक्कामातला सगळ्यात मोलाचा प्रसंग मात्र मावशींच्या अंगणातच घडला. वरच्या खोलीत बिहारमधल्या छपरा भागातली एक मुलगी भाड्यानं राहते. १९९७ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात ती शिकते. दीड वर्ष एका घरात राहून तिचं आणि मावशींचं बोलणं पाणी, वीज आणि भाडं यांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. त्या दुपारी मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी मदतीला बसले, तीही येऊन बसली. अंगणाच्या कोपऱ्यात जुनं जातं होतं. मावशींकडे आता लग्नाची हळद दळण्यापुरतंच ते फिरतं. मुलगी त्याच्याकडे पाहून म्हणाली, आमच्याकडे हे फिरवताना बायका जँतसार गातात, माझ्या आजीकडून मी काही शिकले आहे.

आम्ही आग्रह केला तशी ती गायली. चाल संथ, तीनचार सुरांत फिरणारी, प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबलेला श्वास. शब्द भोजपुरी. मावशींना त्यातला एखादाच कळला असेल. पण ती थांबली तशी मावशींनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "चाल तं जात्याचीच आहे. काय म्हणते ते, सांग न पोरी." मुलीनं हिंदीत सांगितलं: नवरा कमवायला पूर्वेकडे गेला आहे, वर्ष उलटलं, सासू-नणंद बोलतात, आणि बाई दळता दळता येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूला त्याची खबर विचारते. मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग आपल्या आईची ओवी म्हणाल्या. तिच्यात भाऊ न्यायला येतो, त्याच्या बैलांचं, त्याच्या पागोट्याचं कौतुक आहे. मी तिचं हिंदी करून सांगितलं. मुलगी म्हणाली, आमच्या गाण्यांतही भाऊ येतो, पण बहुतेक वेळा तो उशिरा येतो.

दोन्हींत फरक आहेत आणि तेही मला तिथेच ऐकू आले. ओवी दोन ओळींत पुरी होते आणि दळणारी बाई एकामागून एक ओव्या गुंफत जाते. जँतसार ही लांब कहाणी, एका दळणापुरती पुरणारी. ओवीत विठोबा येतो, शेत येतं, लेकीबाळी येतात. जँतसारात परदेस आणि वाट पाहणं जास्त. बिहारमधल्या स्थलांतराचा सगळा इतिहास त्या सुरांत आहे. सारण भागातल्याच भिखारी ठाकूर यांनी आपलं 'बिदेसिया' हे नाटक याच दुःखावर उभं केलं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. ज्या बायकांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांनी आपलं सगळं मन जात्यापाशी सांगून ठेवलं आहे, हे त्या कामानं दाखवून दिलं.

त्या दुपारी पुढे जे बोलणं झालं ते गाण्यांतूनच निघालं. मावशींनी विचारलं, "तुझे वडील कुठं असतात?" ते सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहेत, छठला वर्षातून एकदा घरी येतात, आईच शेत आणि घर पाहते, हे तिनं सांगितलं. मावशींचे वडीलही एकेकाळी गिरणीतल्या कामासाठी नागपूरला राहायचे, हे तेव्हा निघालं. संध्याकाळी मावशींनी वांगे-सोल्याची भाजी केली आणि वरच्या खोलीतून ताट मागवून घेतलं. तिथून पुढे माझ्या मुक्कामात ती मुलगी खालीच जेवली. दीड वर्षात न झालेली ओळख एका दुपारी झाली. त्याचं श्रेय मी नुसत्या सुरांना देणार नाही. एकीनं गायलं, दुसरीनं अर्थ विचारला, मग आपलं गाणं पुढे केलं. ही तीन पावलं पडली म्हणून ओळख झाली.

वर्ध्याशी जोडलेली अशीच एक मोठी गोष्ट आहे. १९३१-३२ च्या सुमाराला व्हेरिअर एल्विन हे इंग्रज तरुण आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे गोंडांमध्ये काम करायला गेले. त्या वाटेवर त्यांना वळवण्यात जमनालाल बजाजांचा हात होता. सेवा करायला गेलेले हे दोघं गोंडांची गाणी ऐकू लागले, १९३५ मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपानं आणली, १९४४ मध्ये मैकल डोंगररांगांतल्या लोकगीतांचा संग्रह केला. ज्यांना सुधारायचं म्हणून गेलो त्यांच्यापाशी स्वतःचं भरलेलं जग आहे, हे ती गाणी ऐकताना त्यांच्या ध्यानात आलं आणि एल्विनांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

परतीच्या गाडीत मी हाच हिशेब मांडत होते. परक्याचं संगीत ऐकणं आज कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे. मोबाइलवर बोट फिरवलं की जपानी ढोल, कव्वाली, जँतसार सगळं हजर. ते ऐकावंच. त्यानं कान तयार होतो. पण शेजारचा माणूस त्यानं कळत नाही, कारण मोबाइलला अर्थ विचारता येत नाही आणि मोबाइल आपल्या हातात टाळ देत नाही. सेवाग्रामच्या प्रार्थनेत जे घडलं, ढोलकीवाल्या काकांच्या हातात जे आहे, मावशींच्या अंगणात जे झालं, त्याला समोरासमोर बसावं लागलं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात असं एक तरी गाणं असेल जे तुम्ही वर्षानुवर्षं खिडकीतून ऐकत आला आहात. भजनी मंडळ असेल, विहारातली वंदना असेल, दर्ग्यावरची कव्वाली असेल, चर्चमधलं नाताळचं गाणं असेल, बांधकामावरच्या मजुरांचं रात्रीचं गाणं असेल. एकदा तिथे जाऊन बसा. झील धरता आली तर धरा. अर्थ कळला नाही तर विचारा. कुणी तुमचं गाणं मागितलं तर तेही म्हणा.